मेल सर्व्हरवर ब्लॉकलिस्ट लावताय? मग क्रम चुकवू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांचा मेल सर्व्हर मी बघतो, शिवाय एक युनिफॉर्मवाले आणि एक सूतवाले असे अजून दोघं. टॉवेलवाल्यांच्या एक्स्पोर्टच्या मॅडम सकाळी आल्या की आधी चहा आणि मग अर्धा तास नुसता डिलीटचा कार्यक्रम, पार्सल अडकलंय, मेलबॉक्स फुल झालाय इथं क्लिक करा, वजन कमी करा, आणि त्या ढिगाऱ्यात कुठंतरी दुबईच्या पार्टीचा साइज बदलल्याचा मेल. एक दिवस तो पण डिलीट झाला. माल शिलाईला गेल्यावर तिकडून फोन आला आणि मग मालकांनी मला बोलावलं, चहा दिला नाही, तेव्हाच कळलं.

त्यानंतर मी ब्लॉकलिस्ट लावली, लावताना दोन वेळा तोंडावर आपटलो, आणि आता सगळं नीट चाललंय. माझ्यासारखं आपटायला लागू नये म्हणून हे लिहितोय. मी पोस्टफिक्स, म्हणजे मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम, धरून लिहितोय कारण माझ्याकडं सगळीकडं तेच आहे. झिम्ब्रा असेल तरी आत पोस्टफिक्सच असतं. सीपॅनल असेल तर आत एक्झिम नावाचा तसाच दुसरा प्रोग्राम असतो आणि तिथं टिकमार्क करून काम होतं, पण डोकं तेच लावायचं. सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायची.

आधी ही भानगड काय आहे ते. आपल्याकडं सूतवाला नव्या पार्टीला उधारीवर माल द्यायच्या आधी बाजारात चार जणांना विचारतो, काय वो, ही पार्टी कशी आहे, पैसे देते का बुडवते. ब्लॉकलिस्ट म्हणजे तेच. तुमच्या सर्व्हरच्या दारात कोणतरी आयपी, म्हणजे नेटवरच्या मशीनचा आकडी पत्ता, आला, मेल आणलाय म्हणाला, तर सर्व्हर त्याला आत घ्यायच्या आधी बाहेर एकाला विचारतो की ह्याला ओळखतोस का. ह्या विचारण्याला वेगळं काही लागत नाही, साधं डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी नेटची डायरी, वापरतात. समजा आलेला आयपी १९२.०.२.९९ आहे, तर तो उलटा करायचा, ९९.२.०.१९२, त्याच्या मागं लिस्टचं नाव जोडायचं, म्हणजे ९९.२.०.१९२.झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग, आणि हे एखादं वेबसाईटचं नाव असल्यासारखं डीएनएसला विचारायचं. असं नावच नाही असं उत्तर आलं तर तो आयपी लिस्टमध्ये नाही. १२७.०.०.काहीतरी असं उत्तर आलं तर आहे, आणि शेवटच्या आकड्यावरून कशामुळं आहे ते कळतं. झालं, एवढंच. १९९७ च्या सुमाराला पॉल व्हिक्सी यांनी आरबीएल सुरू केली, तेव्हापासून ही पद्धत चालू आहे, आणि सेटिंगमध्ये आजही आरबीएल हेच नाव येतं.

आता सूतवाल्याचं उदाहरण डोक्यात ठेवा कारण पुढं लागणार आहे. बाजारात विचारलं तरी निर्णय आपला असतो, कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते आपण ठरवतो. बरेच जण नेटवरून वीस लिस्टांची यादी कॉपी करतात आणि चिकटवतात, आणि मग वीसपैकी एकानं जरी कोणाला वाईट म्हटलं तरी मेल परत. असं कोण धंदा करतं का?

आधी रिझॉल्वर, मग बाकी सगळं

ही पायरी लोक गाळतात आणि मी पण गाळली होती. रिझॉल्वर म्हणजे तुमच्या सर्व्हरसाठी डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा, तर तुमचा सर्व्हर डीएनएस कुणाला विचारतो ते बघा. बहुतेक व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आधीच टाकलेला असतो. वेबसाईट उघडायला ठीक आहे, पण ब्लॉकलिस्टला चालत नाही, कारण पब्लिक डीएनएसमधून लाखो लोकांचे प्रश्न एकाच तोंडातून येतात, खरं कोण विचारतंय हे लिस्टवाल्यांना कळत नाही, म्हणून स्पॅमहॉस अशा प्रश्नांना उत्तर देत नाही. देत नाही म्हणजे गप्प बसत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असं एक एररचं उत्तर देतं, अर्थ असा की बाबा तू पब्लिक रिझॉल्वरमधून विचारतोयस. आणि पोस्टफिक्सला नुसतं लिस्टचं नाव दिलेलं असेल तर त्याला एवढंच कळतं की उत्तर आलं, म्हणजे आयपी लिस्टमध्ये आहे, म्हणजे मेल परत.

माझं हेच झालं. शुक्रवारी संध्याकाळी लावलं, टेस्ट मेल काही पाठवला नाही कारण घाई होती, आणि शनिवारी सकाळी मॅडमचा फोन, सर आज एक पण स्पॅम नाही, किती छान. मी पण खूश. अकराला परत फोन, सर आज एक पण मेलच नाही. लॉग उघडला तर जो येईल तो परत, बँक परत, सीए परत, दुबई परत, शिपिंगवाला परत. दहा मिनिटात काढलं, पण परत गेलेले मेल कोणाकोणाचे ते लॉगमधून शोधून प्रत्येकाला फोन करायला दुपार गेली.

तर सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्वर बसवा. अनबाउंड बसवा, छोटं आहे, फारशी मेमरी खात नाही, उबंटू डेबियनवर सरळ पॅकेज मिळतं. त्याच्यात फॉरवर्डर, म्हणजे प्रश्न दुसऱ्या डीएनएसकडं ढकलायची सेटिंग, टाकायचा नाही, टाकला तर प्रश्न परत त्याच पब्लिक डीएनएसमधून जाणार आणि केलेलं सगळं पाण्यात. मग रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईलमध्ये नेमसर्व्हर म्हणून १२७.०.०.१ टाका. उबंटूवर ही फाईल सिस्टिमडी-रिझॉल्व्हड नावाच्या त्याच्याच प्रोग्रामच्या ताब्यात असते, तुम्ही हातानं बदललेलं रीस्टार्टनंतर परत जैसे थे होऊ शकतं, तेव्हा एकदा सर्व्हर रीबूट करून बघाच. आणि एक गंमत, डेबियन उबंटूवर पोस्टफिक्सचे काही भाग क्रूटमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतात आणि तिथं रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी कॉपी असते, म्हणून डीएनएस बदलल्यावर पोस्टफिक्स पूर्ण रीस्टार्ट करायचं, नाहीतर बाहेर सगळं बरोबर दिसतं आणि आत जुनाच पत्ता. ह्याच्यावर माझा एक आख्खा रविवार गेलाय, उन्हाळ्याचा, लाईट नसताना.

टेस्ट कशी करायची? डिग कमांडनं २.०.०.१२७.झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग विचारा. १२७.०.०.२ हा पत्ता टेस्टसाठी प्रत्येक लिस्टमध्ये मुद्दाम ठेवलेला असतो, आरएफसी ५७८२ ह्या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात तसं लिहिलंय. झेनकडून १२७.०.०.२, १२७.०.०.४ आणि १२७.०.०.१० अशी उत्तरं आली की तुमचा रिझॉल्वर नीट आहे. १२७.२५५ नं सुरू होणारं काही आलं तर पुढं जाऊ नका, आधी हे निस्तरा.

कुठल्या लिस्ट घ्यायच्या

माझं मत सांगतो, तीन बास झाल्या.

पहिली स्पॅमहॉसची झेन. स्पॅमहॉस १९९८ ला स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये सुरू केली. झेन म्हणजे त्यांच्या आयपीच्या लिस्टांची गोळाबेरीज. उत्तरात शेवटी २ आला तर एसबीएल, म्हणजे स्पॅम पाठवणारे म्हणून नोंद झालेले. ३ आला तर सीएसएस, तीही स्पॅमवाल्यांचीच पण आपोआप बनणारी, ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल, व्हायरस लागलेली, दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली मशीन. आणि १० किंवा ११ म्हणजे पीबीएल, ही जरा वेगळी आहे. पीबीएलमध्ये असणं म्हणजे गुन्हा नाही, त्याचा अर्थ एवढाच की हा आयपी घरच्या ब्रॉडबँडचा किंवा मोबाईलच्या नेटचा आहे आणि तिथून कोणी थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल टाकणं अपेक्षित नाही, त्यानं आपल्या मेल सर्व्हरमधून पाठवावं. हे नीट लक्षात ठेवा, खाली ह्याच्यावरूनच मालकांचा किस्सा आहे.

फुकट वापरायला अट आहे, धंद्यासाठी वापर नको, दिवसाला १,००,००० एसएमटीपी, म्हणजे मेल आणणाऱ्या, कनेक्शनच्या आत आणि ३,००,००० प्रश्नांच्या आत. आकडे आपल्यासारख्यांना भरपूर आहेत, पण टॉवेलचा कारखाना म्हणजे धंदाच की, म्हणून त्यांच्या डीक्यूएस सेवेचं, म्हणजे स्वतःच्या कीनं लिस्टला विचारायचं, अकाउंट काढून घ्या. त्यात एक की मिळते, ती लिस्टच्या नावातच जोडायची असते. ही की मेल परत जाताना पाठवणाऱ्याला दिसू नये म्हणून आरबीएल_रिप्लाय_मॅप्स नावाची सेटिंग आहे, पोस्टस्क्रीनसाठी (ते काय ते खाली येतं) पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_रिप्लाय_मॅप, त्यात दाखवायचं नाव वेगळं देता येतं. विसरू नका, नाहीतर तुमची की प्रत्येक रिजेक्टबरोबर जगाला वाटत बसाल.

दुसरी बॅराकुडाची, बी.बॅराकुडासेंट्रल.ऑर्ग, हिला आधी त्यांच्या साईटवर आपल्या सर्व्हरच्या आयपीची नोंदणी करावी लागते. तिसरी स्पॅमकॉप, बीएल.स्पॅमकॉप.नेट, ही लोकांच्या तक्रारींवर चालते, नाव लवकर चढतं आणि तक्रारी थांबल्या की आपोआप उतरतं, त्यामुळं एखादा चांगला सर्व्हर पण मधेच चढलेला दिसतो. म्हणून हिच्या एकटीच्या शब्दावर मेल परत करायचा नाही.

यूसीईप्रोटेक्ट बद्दल बरेच विचारतात. तिच्या तीन लेव्हल आहेत, पहिलीत एकेक आयपी, दुसरीत आख्खी रेंज, तिसरीत तर पूर्ण एएसएन, म्हणजे एखाद्या कंपनीचं आख्खं नेटवर्क. म्हणजे एका पेठेत एक चोर राहतो म्हणून आख्ख्या पेठेला उधारी बंद, असा प्रकार. शिवाय नाव लवकर काढायचं तर पैसे मागतात. दुसऱ्या तिसऱ्या लेव्हलवर मेल परत करू नका, मी तर पहिली पण घेत नाही.

आणि जुने लेख बघून मेलेल्या लिस्ट टाकू नका, हा सगळ्यात मोठा धोका. ओआरडीबी नावाची लिस्ट डिसेंबर २००६ ला बंद झाली, लोकांनी सेटिंगमधून काढलीच नाही, शेवटी मार्च २००८ ला त्यांनी प्रत्येक प्रश्नाला हो असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या सर्व्हरवर ती होती त्यांचे सगळे मेल परत. २०२१ च्या जानेवारीच्या शेवटी स्पॅमकॉपचं डोमेनच रिन्यू व्हायचं राहिलं, त्यामुळं काय विचाराल त्याला उत्तर यायला लागलं आणि जगभर चांगले मेल परत गेले. सॉर्ब्स तर जून २०२४ ला बंदच झाली, पण अजून किती लेखांमध्ये तिचं नाव आहे बघा. म्हणून मी सांगतोय, वीस लिस्ट म्हणजे वीस जणांवर लक्ष ठेवणं, आणि तुम्ही ठेवणार नाही, मी पण नाही.

लावायचं कुठं

पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंगच्या फाईलमध्ये, मेन.सीएफ मध्ये, एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स अशी एक ओळ असते. पोस्टफिक्स ती डावीकडून उजवीकडं वाचतो आणि पहिला ठाम निर्णय मिळाला की थांबतो, म्हणजे क्रम चुकला की सगळं चुकलं. क्रम असा ठेवा: आधी परमिट_मायनेटवर्क्स, मग परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, मग रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन, मग तुमची ओळखीच्या लोकांची यादी म्हणजे चेक_क्लायंट_अ‍ॅक्सेस, आणि सगळ्यात शेवटी रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट.

पहिले दोन का? कारण तुमची स्वतःची माणसं, ऑफिसच्या नेटवर्कवरची आणि पासवर्ड देऊन आलेली. मी पहिल्यांदा ब्लॉकलिस्ट सगळ्यात वर ठेवली होती, स्पॅम आधी अडवावा म्हणून, शहाणपणा. जानेवारी होता, मालक गड्ड्याच्या यात्रेत घरच्यांना घेऊन होम मैदानावर, पाळण्याच्या रांगेत उभे असताना एका पार्टीला मोबाईलवरून रेट पाठवायला गेले आणि मेल जाईना, वर इंग्रजीत तुम्ही ब्लॉक आहात असा मेसेज. मोबाईलच्या नेटचा आयपी, पीबीएलमध्ये असणारच. पासवर्ड बरोबर, माणूस मालक, आणि त्याच्याच सर्व्हरनं त्याला स्पॅमर ठरवला. त्या पाळण्याच्या आवाजात मालक मला काय बोलले ते सगळं ऐकू नाही आलं, बरंच झालं.

ओळखीच्यांची यादी रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशनच्या नंतरच का? कारण त्या यादीत ओके लिहिलेलं असतं, आणि ती आधी आली तर त्या आयपीला तुमच्या सर्व्हरमधून जगात कुठंही मेल पाठवायची मोकळीक मिळू शकते. पोस्टफिक्स २.१० पासून रिले साठी, म्हणजे असा मेल पुढं दुसरीकडं पाठवायला, वेगळी ओळ आली म्हणून धोका कमी झाला, पण जुन्या कॉन्फिगवर भरवसा नको. आणि ब्लॉकलिस्ट शेवटी, कारण बाकीचे प्रश्न घरातल्या घरात सुटतात, हिला बाहेर विचारायला जावं लागतं.

आता लिस्टचं नाव लिहिताना नुसतं लिहू नका, त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह टाकून कुठली उत्तरं मानायची ते द्या: झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]. ह्या चौकोनी कंसातल्या आकड्यांनी माझा तो शनिवार वाचला असता, कारण १२७.२५५ वालं एररचं उत्तर ह्यात बसत नाही, मग पोस्टफिक्स ते सोडून देतो आणि मेल आत येतो. लिस्ट बिघडली तर स्पॅम येऊ दे, पण दुबईचा मेल परत जायला नको.

पहिला आठवडा नुसतं बघायचं

रिजेक्ट_आरबीएल_क्लायंटच्या आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट हा शब्द लिहिला की मेल परत जात नाही, लॉगमध्ये फक्त रिजेक्ट_वॉर्निंग अशी ओळ पडते, म्हणजे अडवला असता. एक आठवडा असं ठेवा आणि रोज संध्याकाळी त्या ओळी चाळा. ओळीत आयपी असतो, तो कुठल्या लिस्टमुळं अडला असता ते असतं, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि आपल्याकडं कोणाला येत होता तो पत्ता. दोनशे ओळी असल्या तरी नजर नुसती पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून फिरवायची, कचरा लगेच कळतो, विचित्र अक्षरांची डोमेनं आणि असलंच काही.

माझ्या आठवड्यात एकच ओळ खटकली. धाग्याला रंग लावणारे एक जण, इथलेच, चिंचोळीकडचे, त्यांचा मेल झेननं अडवला असता. फोन केला तर कळलं की त्यांच्या ऑफिसात ब्रॉडबँडवरच कोणीतरी जुना मेल सर्व्हर बसवून दिलाय आणि बसवून देणारा आता पुण्याला गेलाय. म्हणजे पीबीएल, गुन्हा नाही, नुसती चुकीची जोडणी. त्यांना तात्पुरतं माझ्या यादीत घातलं, आणि तारीख लिहून ठेवली की कधी घातलं आणि का. ही तारखेची सवय लावा, नाहीतर दोन वर्षांनी त्या यादीत तीस आयपी असतात आणि कुठला कोणाचा ते देवाला माहीत. सिद्धेश्वराला पण नसेल.

आठवडा निवांत गेला की वॉर्न_इफ_रिजेक्ट काढा.

मेल परत जाताना जो मेसेज जातो त्यात ऑफिसचा फोन नंबर टाका, डीफॉल्ट_आरबीएल_रिप्लाय मध्ये बदलता येतो. स्पॅमर काय फोन करत नाही, खरा माणूस करतो. आमच्याकडं वर्षात दोन-चार फोन येतात आणि प्रत्येक फोन कामाचा निघालाय. आणि मेल परत करायचा तो असाच, दारात, कनेक्शन चालू असताना. आधी आत घेऊन मग बाऊन्स, म्हणजे मेल पोचला नाही असा उलटा मेल, पाठवायचा नाही, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक खोटा असतो, तुमचा बाऊन्स भलत्याच माणसाला जातो आणि मग तुम्हीच लिस्टमध्ये चढता.

पोस्टस्क्रीन: चार जणांना विचारून ठरवायचं

इथपर्यंत केलं तरी बराच फरक पडतो, पण खरी मजा पोस्टस्क्रीनमध्ये आहे, पोस्टफिक्स २.८ पासून आहे. हा पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे बाहेरचे मेल येतात त्या दारात, सगळ्यात पुढं उभा राहतो, आणि ह्याच्यात प्रत्येक लिस्टला वजन देता येतं, तेच सूतवाल्याचं गणित. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_साइट्स मध्ये लिस्टच्या नावापुढं फुली म्हणजे स्टार टाकून आकडा द्यायचा. माझं असं आहे: झेनला ३, बॅराकुडाला २, स्पॅमकॉपला १, आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_थ्रेशोल्ड, म्हणजे बेरीज किती झाली की परत, ३. म्हणजे झेन एकटीनं वाईट म्हटलं की परत. बॅराकुडा एकटी म्हणाली तर आत, स्पॅमकॉप एकटी म्हणाली तर आत, पण दोघी मिळून म्हणाल्या तर तीन होतात, परत.

ह्याच्यात उलटं पण चालतं, चांगल्यांची लिस्ट असते, लिस्ट.डीएनएसडब्ल्यूएल.ऑर्ग, तिला उणे २ द्या, फक्त उत्तराचा शेवटचा आकडा १ ते ३ असेल तेव्हाच मोजायचा. मग बॅराकुडा आणि स्पॅमकॉप दोघी ओरडल्या तरी कोणी जामीन राहणारा असेल तर तीनचा एक होतो आणि मेल आत. थ्रेशोल्ड पाचला नेऊन वजनं वाढवत बसणारे पण आहेत, पण माझ्या मते तीनच लिस्ट असताना तेवढी कारागिरी लागत नाही.

आता एक फसवी गोष्ट. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_अ‍ॅक्शन ह्याचं मूळ सेटिंग इग्नोर असतं. म्हणजे तुम्ही सगळं लिहिलं, वजनं दिली, रीलोड केलं, लॉगमध्ये रँक, म्हणजे वजनांची बेरीज, दिसतोय आणि स्पॅम तरीही बिनधास्त आत. ते एन्फोर्स करायचं. ड्रॉप पण आहे, तो लगेच तोडतो, पण एन्फोर्समध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लॉगमध्ये येतो, उद्या कोणी माझा मेल कुठं गेला विचारलं तर उत्तर असतं. तसंच पोस्टस्क्रीन_ग्रीट_अ‍ॅक्शन पण एन्फोर्स करा. ह्यात काय होतं, सर्व्हर नमस्कार पूर्ण म्हणायच्या आधी सहा सेकंद थांबतो, खरा मेल सर्व्हर गप वाट बघतो, स्पॅमच्या मशीनला दम नसतो, ती मधेच बोलायला लागते आणि पकडली जाते. ह्याच्यापुढच्या ज्या खोल टेस्ट आहेत त्या बंदच राहू द्या, त्यात पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला परत ये म्हणून सांगितलं जातं आणि मेल उशिरा येतो, मग मॅडम फोन करतात की ओटीपी आला नाही.

पोस्टस्क्रीन लावायच्या आधी ऑफिसातला प्रत्येक फोन आणि आउटलुक बघा की मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५ पोर्ट आहे ना. कोणाचं जुनं सेटिंग २५ वर असेल तर पोस्टस्क्रीन त्याला पासवर्ड विचारायच्या आधीच अडवणार, परत मालकांचा गड्डा.

आणि ओळखीच्यांची यादी इथं वेगळी असते, पोस्टस्क्रीन_अ‍ॅक्सेस_लिस्ट, त्यात फक्त आयपी चालतात, डोमेनचं नाव नाही, कारण ह्या टप्प्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आलेलाच नसतो, हातात फक्त आयपी असतो. पोस्टस्क्रीनमध्ये सोडलं आणि आत परत रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन असेल तर तो मेल दुसऱ्या दारात अडणार. म्हणून दोन्ही याद्यांना एकच सीआयडीआर फाईल, म्हणजे आयपींच्या यादीची फाईल, देऊ नका, दोन्हीकडं शब्द वेगळे लागतात, इथं परमिट आणि तिथं ओके, पण आयपी दोन्हीकडं आहे ना ते बघत जा. किंवा माझ्यासारखं करा, पोस्टस्क्रीन नीट चालायला लागल्यावर आतलं झेन काढून टाका.

मागचं दार

सूतवाल्यांकडं हे सगळं लावून पण स्पॅम येत होता, मी डोकं खाजवतोय. मग बघितलं तर त्यांच्या डोमेनला दुसरा एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर, होता, बॅकअपचा, कोणी पूर्वी कधीतरी लावलेला, आणि त्याच्यावर काहीच तपासणी नाही. स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या एमएक्सवर जातात कारण त्यांना माहीत असतं की तिथं राखण कमी असते. आणि बॅकअपकडून आपल्याकडं आलेल्या मेलचा आयपी बॅकअपचा, तो स्वच्छच असणार. बॅकअप एमएक्सची आज तशी फारशी गरज नाही, तुमचा सर्व्हर दोन तास बंद राहिला तरी पाठवणारे सर्व्हर परत परत प्रयत्न करतातच. मी काढून टाकला. तुम्हाला ठेवायचाच असेल तर त्याच्यावर पण हेच सगळं लावा.

हे करून सुद्धा जो स्पॅम येतो तो मोठ्या फुकट मेल सेवांच्या सर्व्हरवरून येतो, त्यांचे आयपी ब्लॉक करता येत नाहीत कारण अर्धी दुनिया तिथंच आहे. त्याच्यासाठी आतमध्ये मजकूर तपासणारं आरस्पॅमडी किंवा स्पॅमअ‍ॅसॅसिन बसवा, ते मजकुरातल्या लिंका पण एसयूआरबीएलसारख्या लिस्टांकडं विचारतात. तो वेगळा विषय आहे. पण एक्स्पोर्टवाल्यांना एक सांगतो, "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट ह्या खात्यात टाका" असला मेल कुठलीच ब्लॉकलिस्ट अडवणार नाही, कारण तो बऱ्याचदा पार्टीच्या खऱ्या मेलबॉक्समधून येतो, पासवर्ड चोरून. तिथं फोन उचलायचा, आणि मेलमधला नंबर नाही, जुना डायरीतला.

तुमचाच आयपी लिस्टमध्ये चढला तर घाबरू नका आणि पैसे पण देऊ नका, स्पॅमहॉस नाव काढायचे पैसे घेत नाही. आधी कारण शोधा, बहुतेक वेळा कोणाचातरी पासवर्ड फुटलेला असतो, मेल क्यू, म्हणजे जायच्या रांगेतले मेल, बघा, हजारो मेल पडलेले दिसतील, कुठल्या लॉगिननं पाठवलेत ते लॉगमध्ये असतं. युनिफॉर्मवाल्यांकडं एकाचा पासवर्ड सोलापूर१२३ होता. तो बदला, क्यू साफ करा, मगच साईटवर जाऊन नाव काढायला सांगा. आधी काढलं आणि क्यू तशीच असली तर तासाभरात परत चढतं आणि दुसऱ्यांदा काढायला त्रास होतो.

आणि महिन्यातून एकदा, मी एक तारखेला बिलं पाठवताना करतो, वापरात असलेल्या प्रत्येक लिस्टला दोन प्रश्न विचारा. १२७.०.०.२ आहे का, उत्तर हो आलं पाहिजे. १२७.०.०.१ आहे का, उत्तर नाही आलं पाहिजे. पहिल्याला नाही आलं तर लिस्ट मेली किंवा तुमचा रिझॉल्वर बिघडला. दुसऱ्याला हो आलं तर ती लिस्ट सगळ्या जगाला वाईट म्हणायला लागलीय, त्या क्षणी सेटिंगमधून काढा, जेवण राहू दे. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत, टाकली तर रोज आपोआप होतं, फक्त त्या स्क्रिप्टची वॉर्निंग मेलवर मागवू नका, फोनवर मेसेज येईल असं काहीतरी करा, कारण त्या दिवशी मेलच बंद असणार आहे.